घराबाहेरचा रंग आणि परांचीवरचा माणूस

घराच्या आतला रंग घरातल्यांसाठी असतो. बाहेरचा रंग रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. म्हणूनच या देशात घराच्या बाहेरच्या भिंतीवर कायम कुणाची ना कुणाची सत्ता चालत आली. कुणाची भिंत पांढरी असावी, कुणाच्या घरावर कौले असावीत, कुणी कुडाच्या भिंतीत आणि गवताच्या छपराखाली राहावे, हे जातीने ठरवून ठेवले होते. आज आपल्या समाजातला शिक्षक, नर्स, बँकेतला कर्मचारी, एस.टी.चा वाहक कर्ज काढून घर बांधतो आणि बाहेरच्या रंगासाठी ठेकेदार बघतो. ही घटना साधी नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. तो विसरून ठेकेदाराला फक्त एवढेच विचारले की "स्क्वेअर फुटाला काय घेणार?", तर आपण नेमके कुणाच्या बाजूला उभे राहतो, याचा विचार आता व्हायला हवा.

भिंत कुणाची?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावीत, प्रेताची वस्त्रे नेसावीत, असे नियम आहेत. घर, भांडे आणि वस्त्र या तिन्हींवर एकाच वेळी बंदी घातलेली आहे, हे लक्षात घ्या. माणसाची प्रतिष्ठा डोळ्यांना कुठे कुठे दिसते, ते स्मृतिकाराला पक्के ठाऊक होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले, त्यात हे नियमही होते.

पण ग्रंथ जाळला म्हणून गावाचा कायदा जळत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाने इंग्रजी खंड ५ मध्ये छापलेल्या लिखाणात त्यांनी खेड्यातल्या 'गुन्ह्यां'ची यादी दिली आहे. अस्पृश्याने स्वच्छ कपडे घालणे हा गुन्हा, घोड्यावर बसणे हा गुन्हा आणि कौलारू घर बांधणे हाही गुन्हा. वस्ती गावापासून वेगळी आणि तीही अशुभ मानलेल्या दक्षिणेला, हेही त्यांनी नोंदवले आहे. तमिळ मुलखात रामनाड जिल्ह्यात १९३० च्या डिसेंबरात कल्लरांनी आदि-द्रविडांवर ज्या आठ बंद्या घातल्या, त्यातली एक घरात मातीशिवाय दुसरी भांडी वापरायची नाहीत अशी होती. मुलूख वेगळा, भाषा वेगळी, पण नजर तीच.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल, तर त्याने खैरलांजी आठवावे. २९ सप्टेंबर २००६ च्या हत्याकांडानंतर आलेल्या सत्यशोधन अहवालांत एक बाब नोंदवलेली आहे. भोतमांगे कुटुंबाला गावात पक्के घर बांधू दिले गेले नव्हते. मुलगी शिकत होती, जमीन कसली जात होती, आणि घर मात्र कच्चेच राहावे असा आग्रह होता. भिंतीवर हक्क सांगणे म्हणजे काय, हे यावरून कळते.

या पार्श्वभूमीवर दादरच्या हिंदू कॉलनीतल्या 'राजगृहा'कडे पाहा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी ते बांधले, पुस्तकांसाठी जागा ठेवली आणि नाव दिले ते मगधाच्या प्राचीन राजधानीचे. ज्यांना गावाच्या दक्षिणेला कोंबले होते, त्यांच्या नेत्याने मुंबईत उजळमाथ्याने घर उभे केले. ७ जुलै २०२० ला त्याच घराच्या आवारात तोडफोड झाली. घराचा दर्शनी भाग काही लोकांच्या डोळ्यांत आजही सलतो, याचा आणखी काय पुरावा हवा?

चुना कुणाचा, हात कुणाचे?

आता दुसरी बाजू. भिंत कुणाची हे जसे जातीने ठरवले, तसे भिंत रंगवणारे हात कुणाचे हेही जातीनेच ठरवले. महाराष्ट्रात चुना भाजायचे काम लोणारी समाजाकडे होते. दगड फोडायचे काम वडारांकडे, तर माती-दगडाच्या बांधकामाचे काम बेलदारांकडे. गरिबाच्या घरी पांढऱ्या मातीचा पोतारा आणि शेणाचे सारवण बाईच्याच वाट्याला आले. त्या कामाला ना मजुरी, ना नाव. वाड्याची भिंत चकाकत होती, पण चुन्याच्या भट्टीशी राबणाऱ्याला वाड्याच्या ओसरीवर बसायची मुभा नव्हती. जातिव्यवस्था ही नुसत्या श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलेला विचार समजून घ्यायला एक चुन्याची भिंत पुरेशी आहे.

इंग्रजी राजवटीत सार्वजनिक बांधकाम खाते आले आणि 'ठेकेदार' हा नवा माणूस पुढे आला. इथे आपल्या चळवळीच्या इतिहासातले एक पान फारसे उघडले जात नाही. महात्मा जोतीराव फुले स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याचे धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईतले त्यांचे तेलुगु सहकारी रामय्या व्यंकय्या अय्यावारू आणि व्यंकू बाळाजी काळेवार हेही बांधकामाच्या धंद्यातले. सत्यशोधक चळवळीला उभे राहायला जो पैसा लागला, त्यातला काही या धंद्यातून आला.

जोतीराव ठेकेदारीत होते म्हणूनच त्यांना ठेकेदारीतली चोरी दिसली. १८७३ च्या 'गुलामगिरी'त ते इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांचा हिशेब मांडतात. साहेब वर, मजूर खाली आणि मधल्या कागदावर ज्याचा हात, त्याच्या खिशात पैसा. दीडशे वर्षे झाली, कागद सांभाळणारे बदलले, पण मधल्या माणसाची ताकद तशीच आहे. धंद्यात राहून धंद्याचे सत्य सांगण्याचे धैर्य जोतीरावांकडे होते. आपल्यातल्या आजच्या ठेकेदारांनी जोतीरावांचा फोटो कार्यालयात लावावाच, पण हा धडाही घ्यावा.

१९४२ आणि त्यानंतर

जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि निळा झेंडा उभा राहिला. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री झाले. केंद्रीय बांधकाम खाते तेव्हा श्रम खात्याकडेच होते, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे देशातला एक मोठा बांधकाम मालकच बाबासाहेबांच्या अखत्यारीत होता. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली. महायुद्धामुळे परदेशी रंगाची आयात थांबली होती आणि देशी रंगाला बाजार मिळाला होता. पुढे चुन्याची जागा डिस्टेंपरने घेतली, बाहेरच्या भिंतीवर स्नोसेम आले, मग अ‍ॅक्रेलिक इमल्शन. डबा बदलत गेला. डबा घेऊन परांचीवर चढणाऱ्याचे काय झाले?

१९४४ मध्ये बाबासाहेबांच्या श्रम खात्याने द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. कंत्राटी मजुरांची दशा तिने तपासली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. तेच पुढे १९४८ चा कायदा झाले. त्याच्या परिशिष्टात इमारतीच्या कामाचा समावेश होता. आणि मालक कोण, याची त्या कायद्यातली व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी अशी आहे. जो स्वतः किंवा दुसऱ्या व्यक्तीमार्फत एक किंवा अधिक माणसे कामाला लावतो, तो मालक. दहा माणसांची अट नव्हती, वीस माणसांची नव्हती. "मजूर ठेकेदाराचे, माझा काय संबंध?" ही पळवाट त्या व्याख्येत फार रुंद ठेवलेली नव्हती.

नंतरच्या कायद्यांनी मात्र पळवाटा रुंद केल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० मजुरांपासून लागू झाला. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा १० मजुरांपासून, आणि त्यातही स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम वगळलेले. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या श्रमसंहितांत राहत्या घराची ही मर्यादा ५० लाखांवर गेली आणि कंत्राटी कामगारांसाठीची २० ची संख्या ५० झाली. घराच्या बाहेरच्या रंगाला किती माणसे लागतात? चार किंवा पाच. म्हणजे आपले घर रंगवणारा माणूस कायद्याच्या दाराबाहेरच उभा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानेही मूळ काम देणाऱ्यावर जबाबदारी टाकली ती काम त्याच्या धंद्याचा भाग असेल तेव्हाच. घरमालकाचा धंदा रंगाचा नसतो. उरतो ठेकेदार, आणि त्याच्याकडे हजेरीचा कागद नसतो.

वस्तीत काम करताना हा प्रकार आम्हाला वारंवार दिसतो. घरमालक उक्ते काम देतो. ठेकेदार ते आणखी कमी दरात दुसऱ्याच्या अंगावर घालतो. तो सकाळी नाक्यावरून दोन माणसे उचलतो. प्रत्येक पायरीवर दर घटतो. घटलेला दर भरून काढायचे मार्ग ठरलेले आहेत. भिंत नीट न घासता, शेवाळ न काढता थेट रंग मारायचा, प्रायमर गाळायचा, रंगात पाणी जास्त घालायचे, दोन हातांचे पैसे घेऊन दीड हात मारायचा. आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे परांची कच्ची बांधायची आणि कंबरपट्टा द्यायचाच नाही. पहिल्या पावसात भिंतीचे पापुद्रे निघाले की मालक ओरडतो. माणूस पडला की सगळे गप्प बसतात. रंगाचे पोपडे आणि मोडलेली कंबर ही एकाच दराची दोन फळे आहेत.

आपले काय?

इथे आपल्या लोकांचे तीन युक्तिवाद ऐकू येतात. पहिला, "आम्हीही कर्ज काढून बांधले, आम्ही कुठे भांडवलदार?" बरोबर आहे. पण परांचीवरचा माणूस आपल्यापेक्षा गरीब आहे आणि त्या चार दिवसांपुरते त्याचे आयुष्य आपल्या निर्णयावर टांगलेले आहे. दुसरा, "ठेकेदार आपलाच आहे." असावाच. आपल्या तरुणांनी या धंद्यात यावे, मजूर सहकारी संस्था काढाव्यात, सरकारी कामांत आपला वाटा मागावा. पण निळा झेंडा लावलेल्या दुचाकीवरून येणारा ठेकेदारही मजुराची मजुरी थकवू शकतो. जात एक असल्याने शोषण सौम्य होत नाही. तिसरा, "सगळेच असे करतात." मग धम्म स्वीकारून आपण वेगळे काय केले? सम्यक आजीव हे फक्त आपल्या पगाराला लावायचे तत्त्व आहे का? आपण दुसऱ्याला जी मजुरी देतो, तिलाही ते लागू व्हायला नको?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. रंगकाम काढण्याआधी साध्या कागदावर करार लिहा: कोणता रंग, किती हात, किती दिवस, पैसे कोणत्या टप्प्यावर. त्याच कागदावर मजुरांची नावे, त्यांचा रोज आणि परांची, कंबरपट्टा, हेल्मेट यांची जबाबदारी लिहा. शेवटचा हप्ता मजुरांचा हिशेब चुकता झाल्यावरच द्या, आणि तो झाल्याचे मजुरांच्या तोंडून ऐका. डब्यावर शिशाचे प्रमाण वाचा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे चालत नाही, आणि जुना रंग घासताना उडणारी धूळ आधी रंगाऱ्याच्या छातीत जाते. त्याला तोंडाला बांधायला मास्क द्या.

शेवटचे आणि महत्त्वाचे. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराने वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र दिले की नोंदणी होते, आणि मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. हे प्रमाणपत्र द्यायलाच ठेकेदार टाळाटाळ करतात. तुमच्या घरी झालेल्या कामाचे दिवस लिहून, सही करून द्या. एका सहीला खर्च नाही. तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने नाक्यावर एक दिवस बसून हे अर्ज भरून घेतले, तर जयंतीच्या मिरवणुकीइतकेच मोठे काम होईल.

२ डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, काही ठिकाणी अजून बदलायच्या आहेत. त्या वस्त्यांत रमाई आवासची घरे उभी राहत आहेत आणि त्यांच्या भिंतींना रंग लागतो आहे. तो निळा असो, पांढरा असो की पिवळा, तो निवडण्याचा हक्क आपण पिढ्यान्‌पिढ्या लढून मिळवला आहे. तो रंग लावणारा माणूस संध्याकाळी धडधाकट, पूर्ण मजुरी घेऊन घरी जाईल, एवढे पाहणे हे त्या हक्काबरोबर आलेले कर्तव्य आहे.

जय भीम!