मद्यपी वाहनचालनविषयक कायदे, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मद्य वा अन्य अमली द्रव्याच्या अंमलाखाली वाहन चालविण्यास मनाई करणारे व त्याबद्दलची शिक्षा ठरविणारे घटकराज्यांचे कायदे. रहदारीचे नियमन तेथे मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत येत असल्याने या गुन्ह्याचे नाव, व्याख्या व शिक्षा राज्यागणिक बदलतात; काही राज्ये त्यास ‘डीयूआय’ (अंमलाखाली वाहनचालन), तर काही ‘डीडब्ल्यूआय’ (नशेत वाहनचालन) म्हणतात.

न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये असा कायदा केला, त्या वेळी नशा मोजण्याचे साधन नसल्याने अडखळती चाल, तोंडाचा वास व बोलण्यातील तोतरेपणा यांवरच भिस्त असे. इंडियाना राज्याने १९३९ मध्ये रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०·१५ टक्के असल्यास चालक नशेत असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद केली, आणि १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी श्वासावरून हे प्रमाण काढणारे ‘ब्रेथलायझर’ हे यंत्र तयार केल्यावर मोजणी रस्त्यावरच्या पोलिसाच्या आटोक्यात आली. पुढे ठरावीक प्रमाण ओलांडणे हाच स्वतंत्र गुन्हा मानला जाऊ लागला. म्हणजे चालकाचा वाहनावरील ताबा सुटला होता, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

राज्यांच्या कायद्यांत आढळणारी एकवाक्यता बव्हंशी केंद्राच्या महामार्ग-निधीमुळे आली आहे. मद्यप्राप्तीचे किमान वय २१ न ठेवणाऱ्या राज्यांचा काही निधी रोखण्याची तरतूद १९८४ च्या कायद्यात होती व ती सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये वैध ठरविली. याच मार्गाने १९९५ मध्ये २१ वर्षांखालील चालकांसाठी ०·०२ टक्क्यांची मर्यादा आणि २००० मध्ये सर्व प्रौढ चालकांसाठी ०·०८ टक्क्यांची मर्यादा राज्यांच्या गळी उतरविण्यात आली. २००४ मध्ये डेलावेअरने कायदा केल्यावर दुसरी मर्यादा पन्नासही राज्यांत आली. अवजड व्यापारी वाहनांच्या चालकांना ०·०४ टक्क्यांची मर्यादा आहे. २०१८ च्या अखेरीस यूटा राज्याने सर्वसाधारण मर्यादा ०·०५ टक्क्यांवर आणली. असे करणारे ते पहिले राज्य होय. भारतातील मर्यादा याहूनही कमी, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०·०३ टक्के आहे.

तपासाचा पाया ‘गृहीत संमती’ हा आहे : सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविणाऱ्याने कायदेशीर अटकेनंतरच्या चाचणीस आधीच संमती दिली आहे असे मानले जाते व नकार दिल्यास सामान्यतः परवाना निलंबित होतो. मात्र अटकेनंतर श्वासचाचणी वॉरंटविना घेता येत असली, तरी रक्तचाचणीस नकार दिला म्हणून वॉरंटविना फौजदारी शिक्षा करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. रस्त्यावरील नाकाबंदी १९९० मध्ये संघराज्याच्या संविधानाशी सुसंगत ठरली, तरी काही राज्ये ती करीत नाहीत.

परवान्यावरील प्रशासकीय कारवाई व न्यायालयातील खटला हे दोन्ही बहुधा स्वतंत्रपणे चालतात. कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद व ३९० ते १,००० डॉलर मूळ दंड असून त्यावर अधिभार पडतात. दहा वर्षांतील चौथा गुन्हा तेथे गंभीर गुन्हा म्हणून चालविता येतो. ॲरिझोनात पहिल्याच गुन्ह्यास किमान दहा दिवसांची कैद आहे, यातील नऊ दिवस न्यायालय स्थगित करू शकते. याउलट विस्कॉन्सिनमध्ये पहिली चूक सामान्यतः फौजदारी गुन्हाच मानली जात नाही. मद्यार्काचे जादा प्रमाण, वाहनातील लहान मूल, पूर्वीची दोषसिद्धी व अपघातातील मृत्यू यांमुळे शिक्षा वाढते. चालकाने फुंकलेल्या श्वासात मद्यार्क आढळल्यास गाडी सुरूच होऊ न देणारे ‘इग्निशन इंटरलॉक’ हे उपकरण न्यू मेक्सिकोने २००५ पासून पहिल्या गुन्ह्यापासूनच सक्तीचे केले.

गांजासारख्या द्रव्यांचे रक्तातील प्रमाण व प्रत्यक्ष नशा यांचा संबंध मद्याइतका सरळ नसल्याने त्याबाबत राज्यांची धोरणे अधिकच भिन्न आहेत. या कायद्यांनंतरही २०२२ मध्ये मद्यपी चालकांच्या अपघातांत १३,५२४ जण मृत्युमुखी पडले. त्या वर्षीच्या एकूण रस्ते-अपघाती मृत्यूंपैकी हे सु. ३२ टक्के होत.