टेलेमॅकस आणि थोरले माधवराव

सोळावें वर्ष लागतांच पुत्रास मित्राप्रमाणें वागवावें, अशी आपल्या नीतिकारांची शिकवण आहे. परंतु वय आणि प्रौढत्व हीं एकच नव्हेत. पित्याचें छत्र नसलेला पुत्र कर्ता झाला, हें ओळखावें कशावरून? या प्रश्नाचें जें उत्तर ग्रीक महाकवि होमर याच्या 'ओडिसी' काव्यांत आढळतें, तें थोरल्या माधवरावांच्या चरित्राशीं ताडून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

इथाकेचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धास गेला, तेव्हां त्याचा पुत्र टेलेमॅकस तान्हा होता. वीस वर्षें पिता परतला नाहीं. राणी पेनेलोपीच्या पाणिग्रहणाची इच्छा धरणारे सरदार वाड्यांत ठाण मांडून वित्त उधळीत होते. अथीना देवीच्या प्रेरणेनें पुत्र सभा भरवितो, पित्याच्या शोधार्थ समुद्रपर्यटन करितो. परंतु त्याची खरी कसोटी एकविसाव्या सर्गांत लागते. पित्याच्या धनुष्यास दोरी चढविण्याचा तो तीनदां यत्न करितो. चौथ्या वेळीं ती चढणार, तोंच वेषांतर करून आलेला पिता खुणेनें निवारितो, आणि पुत्र स्वतःस दुबळा म्हणवून धनुष्य खालीं ठेवितो. संस्कृतज्ञांस सीतास्वयंवराचें स्मरण होईल. पण रामाचा पराक्रम धनुष्य वाकविण्यांत, तर टेलेमॅकसाचा तें न वाकविण्यांत आहे.

आतां पुण्याकडे वळूं. पानिपतचा घात १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. २३ जून रोजीं नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. जुलैंत माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां त्यांचें वय सोळा वर्षांचें होतें. कारभार चुलते राघोबादादांच्या हातीं होता. पुढें कलह विकोपास जाऊन दादांनीं निजामाचें साह्य घेतलें. नोव्हेंबर १७६२ मध्यें आळेगावानजीक राव स्वतः चुलत्यांच्या गोटांत जाऊन स्वाधीन झाले.

हा संयम नव्हे, निरुपाय होता, असें कोणी म्हणेल. तो आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु निरुपायानें आळेगावाचा उलगडा झाला, तरी राक्षसभुवनाचा होत नाहीं. १७६३ मध्यें निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. त्यानंतर १० ऑगस्ट रोजीं गोदातीरीं लढाई झाली. तींत दादा संकटांत सांपडले असतां राव त्यांच्या मदतीस धांवले. चुलत्यांचा नाश पाहत बसणें सोपें होतें. रावांनीं राज्य पाहिलें. तेव्हांपासून सत्ता त्यांजकडे वळली. पुढें १७६८ मध्यें धोडप येथें दादांस जिंकून शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेवण्यासही ते कचरले नाहींत. धनुष्य केव्हां ठेवावें व केव्हां उचलावें, दोन्ही त्यांस उमगलें होतें.

मात्र एक भेद मोठा आहे. टेलेमॅकसास खुणावण्यास पिता समोर होता. रावांस ती खूण स्वतःच्याच विवेकांत शोधावी लागली.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं १७६१ ते १७६३ या काळाचीं पत्रें दप्तरांत आढळल्यास केवळ लढायांचीं तेवढीं निवडूं नयेत. घरगुती म्हणून बाजूस सारिलेल्या कागदांतच पुत्राचा कर्ता पुरुष होत असल्याची साक्ष मिळण्याचा संभव अधिक.