किरणोपचारांआधी दातांची तपासणी : डोके व मानेच्या कर्करोगातील पूर्वतयारी

बंगळूरु : डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार ठरले की रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न तारखेचा असतो. यंत्रावरची पहिली पाळी कधी? प्रत्यक्षात उपचारांचे बरेचसे यशापयश त्या तारखेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरते, आणि त्याची सुरुवात कर्करोगतज्ज्ञापेक्षा दंतवैद्याकडे होते.

किरणांमुळे जबड्याच्या हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या क्षीण होतात. अशा हाडातून पुढे कधी दात काढावा लागला, तर जखम भरत नाही, हाड उघडे पडते आणि काही रुग्णांत ते हळूहळू मृत होत जाते. हा धोका वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याला अधिक असतो. तो वर्षा-दोन वर्षांत ओसरतही नाही, आयुष्यभर राहतो. म्हणून किडलेले, हलणारे, हिरड्यांच्या विकाराने मोकळे झालेले आणि वाचण्याची शक्यता नसलेले दात किरणोपचारांपूर्वीच काढतात. जखम भरण्यासाठी साधारण १० ते १४ दिवस, शक्य असल्यास त्याहून अधिक अवधी दिला जातो. सरसकट सगळे दात काढण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. टिकणारे दात स्वच्छ करून, भरून ठेवले जातात. लाळ आटल्यावर किड झपाट्याने पसरते, त्यामुळे त्यांना रोज फ्लोराइड लावण्याची सवयही याच काळात लावली जाते.

अडचण अशी की हा अवधी मनाप्रमाणे वाढवता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर दिले जाणारे किरणोपचार साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा दंडक आहे. दंतवैद्याची भेट पाचव्या आठवड्यापर्यंत लांबली, तर एक तर जखम कच्ची राहते, नाही तर उपचार लांबतात. ही भेट शस्त्रक्रियेच्या आधीच उरकणे उत्तम. सुपारी आणि गुटख्यामुळे ज्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्यांच्या बाबतीत तर दंतवैद्याला लवकर गाठावेच लागते. तोंड उघडण्याचे व गिळण्याचे व्यायामही किरणांची पहिली मात्रा मिळण्यापूर्वीच शिकून घ्यावेत. नंतर वेदनेमुळे ते नीट शिकता येत नाहीत.

यानंतर येतो मुखवटा. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यावर व मानेवर ताणून बसवतात. ती काही मिनिटांत कडक होते आणि रोज डोके त्याच जागी स्थिर ठेवते. मुखवटा घालून सीटी स्कॅन होतो आणि त्यावर किरणांचा आराखडा तयार होतो. पुरुषांनी दाढी, वाढलेले केस त्याआधीच काढावेत, कारण नंतर ते उतरवल्यास मुखवटा सैल पडू शकतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने ती आधीच सांगावी; लाजण्यासारखे त्यात काही नाही.

मुखवटा सैल होण्याचे मोठे कारण मात्र वजन घटणे. पूर्ण मात्रा सहसा ७० ग्रे असते आणि ती आठवड्यातून ५ दिवस, अशा ३५ पाळ्यांत, म्हणजे ७ आठवड्यांत दिली जाते. शस्त्रक्रियेनंतर ६० ते ६६ ग्रे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, भाकरीचा तुकडाही उतरत नाही. सुरुवातीलाच वजन फार घटलेल्या रुग्णाला नाकातून किंवा थेट पोटात अन्ननळी बसवण्याचा निर्णय तेव्हाच घेतलेला बरा. अशक्तपणामुळे पाळ्या चुकल्या, तर नुकसान केवळ दिवसांचे नसते. उपचार एका दिवसाने लांबल्यास गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे मानले जाते. मिश्री, तंबाखू, विडी आजच सुटली पाहिजे, यामागेही हेच गणित आहे: धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांत उपचारांचा गुण कमी येतो आणि तोंडाच्या जखमा चिघळतात.

किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध द्यायचे असेल, तर मूत्रपिंडाची व कानांची तपासणी आधी होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ३०० रुग्णांच्या चाचणीत, दर तीन आठवड्यांनी मोठी मात्रा दिलेल्यांत रोग २ वर्षे आटोक्यात राहण्याचे प्रमाण ७३.१ टक्के, तर दर आठवड्याला लहान मात्रा दिलेल्यांत ५८.५ टक्के आढळले. अर्थात मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही अधिक होते, त्यामुळे ती कोणाला झेपेल हे या तपासण्यांवरूनच ठरते.

शेवटची तयारी रजेची व प्रवासाची. राजाजीनगरात कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि पीण्यासारखी मोठी औद्योगिक वसाहत तेथून जवळ आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या व अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास, वेतनाच्या ८० टक्के रक्कम २ वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अन्य रुग्णालयात उपचार घ्यायचे असल्यास संदर्भपत्र, ही कागदपत्रे दंततपासणीच्या आठवड्यातच हाती घ्यावीत. १९७३ पासून कार्यरत असलेली किदवई कर्करोग संस्था शहराच्या दक्षिण भागात, तर राजाजीनगर वायव्येला. ३५ वेळा ये-जा करण्याऐवजी जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवता येतो का, हेही याच आठवड्यात विचारून घ्यावे.