‘दान्-फेइ’ : ली ना आणि चिनी राज्यसंस्थेची क्रीडाव्यवस्था

इ. स. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर, वर्ष सरता सरता, चीनच्या टेनिस व्यवस्थापन केंद्राने ली ना, चेंग ज्ये, यान झी आणि पेंग श्वाई या चार स्त्री-खेळाडूंना एक सवलत दिली. आपला शिक्षक आपण निवडावा, कोणत्या स्पर्धांत उतरावयाचे ते आपण ठरवावे, प्रवासाचा व निवासाचा खर्च आपण सोसावा, आणि मिळालेल्या पारितोषिकांतून पूर्वीप्रमाणे ६५ टक्के नव्हे, तर केवळ ८ ते १२ टक्के रक्कम राज्याकडे भरावी, असे या सवलतीचे स्वरूप होते. चिनी वृत्तपत्रांनी तिला ‘दान्-फेइ’, म्हणजे ‘एकट्याने उडणे’, असे नाव दिले. वाद्यवृंद सोडून स्वतंत्रपणे गाऊ लागणाऱ्या गायकासाठीही चिनी भाषेत हाच शब्द योजतात. शब्दाची ही छटा ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे; कारण असा गायक वृंद सोडतो, परंतु वृंदात शिकलेले स्वर त्याच्या गळ्यातच राहतात.

यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, ४ जून २०११ रोजी, ली ना हिने पॅरिस येथे फ्रान्चेस्का स्क्याव्होने हिचा ६-४, ७-६ असा पराभव करून फ्रेंच अजिंक्यपद मिळविले. आशिया खंडातील देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या कोणाही खेळाडूने, पुरुषाने वा स्त्रीने, चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीत एकेरीचे विजेतेपद मिळविण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. चीनमध्ये सुमारे ११ कोटी ६० लाख लोकांनी हा सामना दूरचित्रवाणीवर पाहिला असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या विजयाचे दोन अर्थ परस्परांशी झगडत आले आहेत. एक पक्ष म्हणतो, हे राज्याच्या शिक्षणाचे फळ. दुसरा म्हणतो, हे राज्यापासून मिळालेल्या मुक्ततेचे फळ. प्रस्तुत लेखात या दोन्ही अर्थांची छाननी करावयाची आहे.

प्रथम व्यवस्थेकडे पाहू. चीनमध्ये १९५२ साली राज्य शारीरिक शिक्षण व क्रीडा आयोग स्थापन झाला आणि त्याचे प्रमुखपद हो लुंग या सेनानीकडे गेले. आयोगाची घडण सोव्हिएत नमुन्यावर झाली होती. लहान वयातच मुले निवडावीत, त्यांना क्रीडाशाळेत घालावे, तेथून प्रांताच्या संघात व पुढे राष्ट्रीय संघात न्यावे, असा तो जिना होता. १९५८ साली चीन ऑलिंपिक चळवळीतून बाहेर पडला व १९७९ साली त्यास पुन्हा मान्यता मिळाली. तेव्हापासून या जिन्याचे वरचे टोक ऑलिंपिक सुवर्णपदकाशी जाऊन भिडले. कोणत्या खेळावर पैसा खर्च करावयाचा हे त्या खेळात किती पदके आहेत यावरून ठरू लागले. टेनिस तर १९२४ नंतर ऑलिंपिकमध्ये नव्हतेच. ते १९८८ साली परत आले. चीनमध्ये टेनिसला राजाश्रय मिळू लागला तो यानंतर. खेळाच्या लोकप्रियतेशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा एक मार्ग त्यापूर्वीच एका खेळाडूने चोखाळला होता. जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे फेडरेशन चषकाच्या स्पर्धेसाठी गेलेली हू ना ही एकोणीस वर्षांची खेळाडू हॉटेलातून निघून गेली व तिने अमेरिकेत राजाश्रय मागितला. पक्षाचे सदस्यत्व स्वीकारण्यासाठी आपणावर दबाव येत आहे, असे तिचे म्हणणे होते. ४ एप्रिल १९८३ रोजी तिची मागणी मान्य झाली, आणि त्याच आठवड्यात चीनने त्या वर्षाचे अमेरिकेबरोबरचे उर्वरित क्रीडा व सांस्कृतिक विनिमय रद्द केले. एका मुलीच्या रॅकेटवरून दोन महासत्तांचा कारभार अडावा हे विलक्षण खरे. परंतु राष्ट्रीय संघातील खेळाडू म्हणजे राज्याची मालमत्ता, हे गृहीत धरले की त्यात नवल उरत नाही. हू ना गेली त्याच वर्षी, सुमारे पाच महिने आधी, २६ फेब्रुवारी १९८२ रोजी, हूबेइ प्रांतातील वुहान येथे ली ना जन्मली होती.

तिचे वडील बॅडमिंटनचे खेळाडू होते; सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत त्यांची कारकीर्द खुंटली. मुलीने ती पुरी करावी या इच्छेने त्यांनी तिला बॅडमिंटन शिकविण्यास घातले. ती मनगटापेक्षा खांद्याचा जोर अधिक लावते हे श्या शीयाव या टेनिस-शिक्षिकेच्या ध्यानात आले, आणि सात-आठ वर्षांच्या या मुलीचा खेळ मोठ्यांनी बदलून टाकला. टेनिस हा खेळ घरात कोणी धड पाहिलेलाही नव्हता. पुढे यू लीच्याव या शिक्षिकेच्या हाताखाली तिने नऊ वर्षे काढली. या नऊ वर्षांत शाबासकीचा एक शब्दही कानी पडला नाही, असे ली ना हिने पुढे अनेकदा सांगितले आहे. ती चौदा वर्षांची असताना वडील वारले. त्या वेळी ती दूर दक्षिणेत एका स्पर्धेत खेळत होती, आणि स्पर्धा संपेपर्यंत ती बातमी तिला कळविण्यात आली नाही.

हा तपशील केवळ करुणरसासाठी दिलेला नाही. बातमी लपविणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नसावे. मुलीची कारकीर्द बिघडू नये अशीच त्यांची भावना असणार. परंतु खेळाडूच्या शोकाची वेळसुद्धा स्पर्धेचे वेळापत्रक पाहून ठरविण्याचा अधिकार आपणास आहे, असे व्यवस्थेस वाटत होते, हे यातून दिसते. २००२ साली जे घडले त्याचे बीज येथे आहे. बीजिंग येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांत २००१ साली तिने एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली होती. तरीही पुढच्या वर्षी, विसावे वर्ष ओलांडल्यावर, ती राष्ट्रीय संघ सोडून निघून गेली. सहकारी खेळाडू च्यांग शान याच्याशी असलेले तिचे प्रेमसंबंध वरिष्ठांस पसंत नव्हते. प्रकृती बरी नसतानाही संप्रेरकांची औषधे घेऊन खेळावे असा आग्रह धरण्यात आला, असेही पुढे प्रसिद्ध झाले. दोघांनी वुहान येथील ह्वाचुंग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात नाव घातले. ली ना वृत्तविद्येचा अभ्यास करू लागली. हू ना हिने देश सोडला होता. हिने फक्त खेळ सोडला. व्यवस्थेच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट अधिक अडचणीची होती, कारण तिच्यावर परराष्ट्र खात्याचा उपाय चालत नव्हता.

उपाय शोधला तो सुन चिनफांग यांनी. टेनिस केंद्राच्या या नव्या प्रमुख स्वतः १९८१ साली विश्वचषक जिंकणाऱ्या चिनी व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. म्हणजे सामूहिक शिस्तीच्या त्या मूर्तिमंत प्रतीक. त्यांनी ली ना हिची समजूत घालून २००४ साली तिला मैदानावर परत आणले. त्याच वर्षी ग्वांगचौ येथे पात्रता फेरीतून वर येऊन तिने विजेतेपद मिळविले. व्यावसायिक महिला संघटनेच्या स्पर्धेत एकेरी जिंकणारी ती पहिली चिनी खेळाडू ठरली. दान्-फेइच्या वेळीही केंद्राच्या प्रमुख सुन चिनफांग याच होत्या. व्यवस्थेविरुद्ध एका व्यक्तीचे बंड अशी जी कथा पाश्चात्य वृत्तपत्रांनी रंगविली, तीत या बाईंस जागा नाही, आणि हा त्या कथेतील मोठाच दोष आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. राज्याच्या शिक्षणाने काय साध्य झाले आणि काय झाले नाही, हे तपासण्यास सुदैवाने एक चांगली कसोटी उपलब्ध आहे. ती म्हणजे एकेरी व दुहेरी यांतील फरक. अथेन्स येथे २००४ साली ली थिंग व सुन थ्येनथ्येन यांनी दुहेरीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. चेंग ज्ये व यान झी यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियन आणि विंबल्डन अशी दोन दुहेरी विजेतेपदे जिंकली. बीजिंगमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. हे सर्व दान्-फेइच्या पूर्वीचे आहे. दुहेरीत वर्षानुवर्षे एकत्र सराव केलेली जोडी लागते, आणि जोड्या बांधून त्या टिकविणे हे संघव्यवस्थेचे खरे सामर्थ्य. शिवाय जगातील पहिल्या प्रतीच्या पुष्कळ खेळाडू दुहेरीकडे दुय्यम दृष्टीने पाहतात, त्यामुळे तेथील स्पर्धा काहीशी सौम्य असते, हा हिशेबही त्यात होता. एकेरीची गोष्ट निराळी. तेथे वर्षातील दहा-अकरा महिने खंडोखंडी फिरावे लागते, आणि सामना हातचा जाऊ लागला म्हणजे खेळाडूस स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा लागतो. आज्ञा पाळण्याची सवय या कामी उपयोगी पडत नाही.

तथापि येथेही घाई करून चालणार नाही. ली ना २००६ साली विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली होती. २००८ च्या जुलैत चेंग ज्ये हिने तेथेच अग्रमानांकित आना इव्हानोव्हिच हिला हरवून उपांत्य फेरी गाठली. बीजिंग ऑलिंपिकमध्ये ली ना हिने व्हीनस विल्यम्स हिचा पराभव केला व ती चौथी आली. म्हणजे ‘मुक्ततेमुळे यश’ हे सूत्र कालक्रमाशी पुरते जुळत नाही. चढण दान्-फेइच्या आधीच सुरू झाली होती. माझ्या मते खरा क्रम उलट आहे. या खेळाडूंनी आपले मोल सिद्ध केले, ऑलिंपिक उरकले, आणि मग राज्याने त्यांना सोडले. सोडतानाही राष्ट्रीय संघासाठी खेळण्याचे बंधन ठेविलेच.

असे असले तरी दान्-फेइने पडलेला फरक नाकारता येत नाही. तो पैशांत मोजून पाहावा. २०११ साली फ्रेंच विजेतीचे पारितोषिक १२ लाख युरो होते. जुन्या नियमाने त्यांतील ७ लाख ८० हजार राज्याकडे गेले असते व ४ लाख २० हजार तिच्या हाती उरले असते. नव्या नियमाने जास्तीत जास्त १ लाख ४४ हजार द्यावयाचे होते. या फरकातूनच परदेशी शिक्षकांचा खर्च निघाला. विजयाच्या वेळी डेन्मार्कचे मिकेल मॉर्टेन्सेन तिच्याबरोबर होते. २०१२ पासून कार्लोस रॉड्रिगेझ आले. तिच्या उजव्या गुडघ्यावर तीन व डाव्यावर एक अशा चार शस्त्रक्रिया झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे स्पर्धा निवडण्याच्या व विश्रांती घेण्याच्या अधिकाराचे महत्त्व पैशाहून कमी नव्हते हे उमगते. ऑस्ट्रेलियात २०११ व २०१३ साली अंतिम सामन्यात हार पत्करल्यावर, २५ जानेवारी २०१४ रोजी तिने डोमिनिका चिबुल्कोव्हा हिला ७-६, ६-० असे हरवून ते अजिंक्यपदही मिळविले. फेब्रुवारीत जागतिक क्रमवारीत दुसरे स्थान, सप्टेंबरात निवृत्ती. कारकीर्दीत एकेरीची एकंदर नऊ विजेतेपदे.

परंतु हिशेब बदलला म्हणून हक्काची भावना बदलली असे नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत उद्‍बोधक भाग मला हाच वाटतो. २०१३ साली फ्रेंच स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीतच हरली. चिनी वार्ताहराने देशातील चाहत्यांस काय सांगाल असे विचारताच, मी त्यांच्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागावयाची काय, अशा आशयाचे उत्तर तिने दिले आणि गहजब उडाला. याच्या उलट प्रसंग पुढील जानेवारीत घडला. ऑस्ट्रेलियन विजयानंतर हूबेइ प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तिला ८ लाख युआनचे बक्षीस दिले. धनादेश स्वीकारतानाच्या छायाचित्रात तिच्या मुद्रेवर हसू नाही. या वेळी टीका झाली ती अधिकाऱ्यांवर: जी आता राज्याच्या खर्चाने खेळत नाही, आणि जिला पैशाची वाण नाही, तिला लोकांच्या करातून बक्षीस कशासाठी, असा प्रश्न लोकांनी विचारला. पहिल्या प्रसंगी ती राष्ट्राची ठरली, दुसऱ्या प्रसंगी खाजगी. मैदानाबाहेर ती कोणाची, याचा निकाल त्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे लागत होता.

साधनांविषयी एक सूचना करणे अवश्य आहे. ली ना हिचे आत्मचरित्र २०१२ साली, म्हणजे पॅरिसच्या विजयानंतर, प्रसिद्ध झाले. एकटीनेच मैदानात उतरण्याचे चित्र त्याच्या शीर्षकातच आहे. विजयी माणूस मागे वळून पाहतो तेव्हा पूर्वीचे सर्व रस्ते त्याला त्या विजयाकडेच आलेले दिसतात. शिक्षिकेचे मौन, संघत्याग, पुनरागमन या घटना विश्वसनीय आहेत. त्यांच्यामधील कार्यकारणभाव मात्र अभ्यासकाने आपल्या जबाबदारीवर स्वीकारावा. उलटपक्षी सरकारी वृत्तांत कृतज्ञतेवर भर देतात, त्यांचीही गत तीच. ज्यांना दान्-फेइ मिळाले नाही, क्रीडाशाळेच्या मधल्याच पायरीवर ज्या थांबल्या, त्या शेकडो मुलींचे वृत्तांत दोन्ही प्रकारच्या साधनांत नाहीत. आणि ज्यांना ते मिळाले त्यांतीलच पेंग श्वाई हिच्या वाट्याला काय आले, हेही नोंदले पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने एका माजी उपपंतप्रधानांविरुद्ध केलेला आरोप समाजमाध्यमावरून अर्ध्या तासाच्या आत नाहीसा झाला. तिच्या सुरक्षिततेच्या काळजीने महिला व्यावसायिक संघटनेने डिसेंबरमध्ये चीनमधील आपल्या स्पर्धा स्थगित केल्या, त्या २०२३ साली पुन्हा सुरू झाल्या.

२०२४ साली पॅरिस येथे, ली ना जिंकली त्याच मैदानावर, हूबेइ प्रांतातीलच चेंग छिनवेन हिने एकेरीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. १९८८ पासून राज्यव्यवस्था ज्याची वाट पाहत होती तेच हे पदक. चेंगच्या शिक्षणाचा भार मुख्यतः तिच्या कुटुंबाने उचलला होता. लहानपणी वुहानमध्ये तिला शिकविले यू लीच्याव यांनी, आणि नंतर बीजिंगमध्ये कार्लोस रॉड्रिगेझ यांनी.