खनिजयुक्त अळिंबी अर्क आणि कर्करोग

अळिंबी, अर्थात मशरूम, ज्या भुशावर किंवा पेंढ्यावर वाढते त्यातील खनिजे शोषून घेते. त्यात सेलेनियमचे क्षार मिसळल्यास सेलेनियम अळिंबीत साठते. अशा अळिंबीपासून खनिजयुक्त अर्क मिळतो.

रेशी, शिताके यांसारख्या औषधी अळिंबीतील बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा रोगप्रतिकारक पेशींना चालना देते. सेलेनियम हा पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणाऱ्या काही विकरांचा घटक आहे. दोहोंच्या संयोगाने कर्कपेशींची वाढ रोखता येते का, याचा अभ्यास मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशी व प्राण्यांवर झाला आहे.

जपानमध्ये अळिंबीपासून तयार केलेल्या क्रेस्टिनला १९७७ मध्ये व लेंटिनानला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. मात्र, त्यांचा वापर प्रामुख्याने केमोथेरपीच्या जोडीने, पूरक म्हणून झाला.

खनिज वाढविल्याने लाभ वाढतोच, असेही नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने सुमारे ३५ हजार पुरुषांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रोस्टेट कर्करोगाचा धोका घटला नाही. २००८ मध्ये त्या गोळ्या थांबविण्यात आल्या. अतिरिक्त सेलेनियममुळे केस गळतात, नखे ठिसूळ होतात. त्यामुळे असा अर्क शस्त्रक्रिया, केमोथेरपी वा किरणोपचारांना पर्याय ठरत नाही. उपचार सुरू असताना तो घेण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे.