१७. हानोव्हर घोडा

उत्तर जर्मनीतील हानोव्हर प्रदेशात पैदास झालेली, आणि आज ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने करावयाच्या शिस्तबद्ध हालचाली, व अडथळ्यांवरील उड्या या क्रीडाप्रकारांसाठी नावाजलेली घोड्याची जात. अवजड कामाचे शांत घोडे आणि अरबी किंवा थरोब्रेडसारखे तापट, वेगवान घोडे यांच्या संकरातून आलेल्या या वर्गाला ‘वॉर्मब्लड’ म्हणतात; रक्ताच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही. हानोव्हरचा अधिपती व ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याने १७३५ मध्ये त्सेले येथे पैदासकेंद्र स्थापले, ते शेती, बग्गी आणि घोडदळ यांच्या गरजेसाठी. खेळाचा घोडा ही या जातीची ओळख मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची. उंची खांद्यापाशी साधारण १६० ते १७५ सेंटिमीटर, आणि मागच्या डाव्या मांडीवर ‘एच’ या अक्षराचा डाग ही जुनी खूण.

माळेगावच्या (ता. लोहा, जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेतील घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशा देशी जनावरांचीच चलती असून तेथे रंग, भोवरे, दात आणि चाल पारखून सौदा होतो, म्हणून प्रस्तुत उताऱ्यात माळेगावच्या घोड्याला दिलेली हानोव्हरची उपमा रुबाबापुरतीच घ्यावी, वंशासंबंधीचे विधान म्हणून नव्हे. हानोव्हर ज्यासाठी नावाजला आहे त्या ड्रेसाजमध्ये भारताला आशियाई स्पर्धेतील पहिले सांघिक सुवर्णपदक २०२३ मध्ये हांगझोऊ येथे मिळाले. त्या चौघांच्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता.