सह्याद्री पोचल्यावर काय झालं?

सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे कराडात शाळकरी पोरालाही पाठ असतं. १२ मार्चला, यशवंतरावांच्या जयंतीला, कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून ते ऐकू येतंच. मी इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचो तेव्हा मुलांना विचारी, धावला हे ठीक, पण पोचल्यावर केलं काय? वर्ग गप्प.

हा सह्याद्री म्हणजे महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण. त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली २१ नोव्हेंबर १९६२ला. चीनची एकतर्फी युद्धबंदी त्याच दिवशीची. म्हणजे लढाई संपलेली होती. समोर होती ती लष्कराची विस्कटलेली घडी, आणि ती फक्त चिन्यांनी विस्कटली नव्हती.

आपल्याकडे लष्कराने कधी सत्ता बळकावली नाही, याचा अभिमान सगळ्यांना. नेहरूंनी त्यासाठी दक्षता घेतलीच होती. सरसेनापतीचा तीन मूर्तीचा बंगला पंतप्रधानांचं निवासस्थान झाला, आणि १९५५ साली सरसेनापती हे पदच जाऊन ‘लष्करप्रमुख’ आला. पण सेनापतींनी दिल्लीवर डोळा ठेवू नये म्हणून जेवढं जपलं, तेवढं पुढाऱ्यांनी सेनापतींच्या बढत्यांत हात घालू नये म्हणून जपलं गेलं नाही.

१९५७ला कृष्ण मेनन संरक्षणमंत्री झाले. माणूस बुद्धीने तल्लख, जिभेने तिखट, आणि निवडून आलेला आपल्या मुंबईतून. वरिष्ठांना डावलून खालच्या अधिकाऱ्यांशी थेट बोलायचं, बढत्यांत स्वतःची पसंती चालवायची, ही त्यांची रीत. लष्करप्रमुख थिमय्या इतके कावले की ऑगस्ट १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला आणि लगेच संसदेत त्यांनाच चार शब्द सुनावले. त्यानंतर थिमय्यांच्या शब्दाला वजन ते काय राहणार?

याच काळात बी. एम. कौल वर चढत गेले. नेहरूंपर्यंत त्यांची थेट ये-जा. लढाईत पायदळाची तुकडी त्यांनी कधी चालवली नव्हती, पण ते क्वार्टरमास्टर जनरल झाले, मग चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले, आणि ऑक्टोबर १९६२ला नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) आघाडीवर चौथ्या कोअरचे प्रमुख म्हणून गेले. तिथे आजारी पडले, दिल्लीला परतले आणि घरी बिछान्यावरून हुकूम सोडत राहिले. हे वाचताना माझा आजही संताप होतो.

आता आमच्या बाजूचा माणूस. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. कोरियात युद्धकैद्यांचा नाजूक प्रश्न हाताळताना त्यांनी भारतीय दलाचं नेतृत्व केलं होतं. पूर्व विभागाची धुरा त्यांच्याकडे असताना, १९५९च्या ऑक्टोबरात त्यांनी टिपण लिहिलं: अगदी सीमेवरच्या ठाण्यांत बसून नेफा राखता येणार नाही, मागे सरकून, आपली रसद पोचेल अशा ठिकाणी मुख्य फळी उभारा. मार्च १९६०ला लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन चिनी कसे येतील तेही मांडून दाखवलं. अडीच वर्षांनी चिनी बरेचसे तसेच आले. थोरातांनी आत्मचरित्रात सांगितलंय की मेननांनी ते टिपण बाजूला सारलं आणि नेहरूंच्या नजरेला ते पडलं युद्ध पेटल्यावर.

थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचं नाव सुचवलं होतं. नेमणूक झाली थापरांची. थापर सेवाज्येष्ठ होते, तेव्हा कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. वशिला नेहमी नियम मोडूनच येतो असं नाही. तिकडे वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख माणेकशॉ चौकशीच्या फेऱ्यात अडकले. निर्दोष ठरले, पण मधला काळ गेलाच.

चव्हाण मेननांच्या जागी दिल्लीत आले तेव्हा थापर पायउतार झाले होते आणि जे. एन. चौधरी त्यांच्या जागी आले होते. कौलही गेले. त्यांच्या कोअरची सूत्रं घ्यायला तेजपूरला पोचले ते माणेकशॉ. चव्हाणांनी रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख आणि सचिव यांच्याबरोबर बैठक सुरू केली. दिसायला साधी गोष्ट. पण जे बोलायचं ते सगळ्यांदेखत, त्यामुळे एकेकट्याने मंत्र्याचे कान भरायची सोय संपली. हे करणारा माणूस राजकारणापासून अलिप्त मुळीच नव्हता, काँग्रेसच्या सोंगट्या त्याच्याइतक्या कुणाला हलवता येत? म्हणूनच लष्करात गट कसे बनतात हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेम भगत यांच्याकडे गेली. कक्षा मात्र लष्करापुरती. मंत्रालयाने काय केलं, हा प्रश्नच तिच्यात नव्हता. २ सप्टेंबर १९६३ला चव्हाणांनी लोकसभेत प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्व यांतल्या उणिवा सांगितल्या, अहवाल मात्र खुला केला नाही. इथे मला ते नेहरूंना सांभाळणारे पक्षनिष्ठ दिसतात. त्यांच्या चाहत्यांना हे रुचत नाही, माझा इलाज नाही.

पुढे १९६४ची संरक्षणाची पंचवार्षिक योजना आली: लष्कर सव्वाआठ लाखांचं, हवाई दल ४५ स्क्वाड्रनचं. १ सप्टेंबर १९६५ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाईदलप्रमुख अर्जन सिंगांना विमानं उडवायची परवानगी चव्हाणांनी काही मिनिटांत दिली आणि मोहिमेचा तपशील त्यांच्यावरच सोडला.

पण हात आखडून घेण्यालाही किंमत होती. त्याच महिन्यात युद्धबंदीचा विचार चालू असताना पंतप्रधान शास्त्रीजींनी विचारलं, आणखी लढलो तर मोठं यश मिळेल का? चौधरींनी सांगितलं की दारूगोळा संपत आलाय. २३ सप्टेंबरला तोफा थांबल्या. नंतरच्या हिशेबात दिसलं की आघाडीसाठीच्या साठ्यातला जेमतेम पाचवा हिस्सा खर्च झाला होता. मेननांच्या काळात मंत्री नको तिथे विचारत होते, आणि या वेळी विचारायला हवं होतं तिथे कुणी आकडा पडताळला नाही.